तिसऱ्या खाटेची नाडी

तक्रार चार ओळींची होती. ग्वाल्हेरच्या इंदरगंजमधल्या एका नर्सिंग होमच्या सिस्टरनं ती फोनवर हिंदीत सांगितली होती आणि आमच्या पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी जशीच्या तशी टिपून घेतली होती. वॉर्डातल्या मोठ्या स्क्रीनवर दोन खाटांच्या नाडीच्या रेषा काही वेळ अगदी एकसारख्या चालत होत्या. नंतर आपोआप ठीक झालं. कृपया बघून घ्या.

‘आपोआप ठीक झालं’ हे शब्द मला आवडत नाहीत. माझ्या कामात आपोआप ठीक झालेली गोष्ट बहुतेक वेळा फक्त नजरेआड झालेली असते.

काम काय, ते आधी सांगते. मी ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत राहते आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. ही कंपनी छोट्या दवाखान्यांसाठी मॉनिटर बनवते. प्रत्येक खाटेशी भिंतीत एक सॉकेट असतं. रुग्णाच्या छातीला चिकटवलेल्या तारा त्यात लावायच्या. सगळ्या खाटांच्या तारा सिस्टरच्या टेबलाखालच्या एका डब्यात येतात आणि टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांची हृदयं शेजारी शेजारी दिसतात. कुणाची नाडी ठरवलेल्या आकड्याखाली गेली की डबा ओरडतो. त्या डब्याच्या आत जी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिचा सगळ्यात आतला भाग, म्हणजे कर्नल, माझ्याकडे असतो. त्यातही मेमरी. कुणाला किती जागा द्यायची, कधी परत घ्यायची, परत घेतलेली पुन्हा कुणाला द्यायची.

हे घरात समजावून सांगायची वेळ येते तेव्हा मी पंगतीचं उदाहरण देते. वाढपी माणसाकडे बघत नाही, पानाकडे बघतो. चौथ्या पानावर बिनतिखटाची भाजी, असं त्याला एकदा सांगितलं की तो चौथ्या पानावर बिनतिखटाची वाढत राहतो. मधेच तो माणूस उठला, तिथे दुसरा बसला आणि वाढप्याला कुणी सांगितलंच नाही, तर दुसऱ्याच्या पानात पहिल्याची भाजी पडणार. मेमरीच्या निम्म्या चुका अशाच असतात. जागा तीच, माणूस बदललेला, आणि वाढप्याला पत्ता नाही. जेवणात हे चालून जातं.

तक्रार माझ्याकडे आली याचं कारण साधं होतं. मी ग्वाल्हेरची होते आणि चालत जाऊ शकत होते. दुसरं कारण मला एकटीलाच ठाऊक होतं. त्याच वॉर्डात तिसऱ्या खाटेवर माझे काका होते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर मीटर तपासलेले. जानेवारीतल्या कोहऱ्यात, दाट धुक्यात, सकाळी फिरायला जायचं सोडलं नाही, छातीत कफ धरला, ताप आला, आणि तपासणीत निघालं की हृदयाचे ठोकेच अधूनमधून गळताहेत. पेसमेकर बसवायला हवा, डॉक्टर म्हणाले, पण अंगात ताप आणि छातीत संसर्ग असताना तो बसवता येत नाही. संसर्ग उतरेपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे स्क्रीनवर लक्ष ठेवायचं. नाडी फार खाली गेली आणि लगेच कळलं, तर शिरेतून तात्पुरती तार घालून हृदय चालतं ठेवता येतं. लगेच कळलं नाही, तर नाही. डॉक्टरांनी हे काकूंसमोर सरळ सांगितलं. त्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ही हिचीच मशीन आहे नं? मग बरं.”

नर्सिंग होम मीच सुचवलं होतं. घराजवळ, स्वच्छ, आणि आमची मशीन. तिन्ही मुद्दे तेव्हा बरोबर होते.

मी पुण्याला फोन लावला. आमचा टीम लीड माझ्याहून बराच लहान आहे आणि मला मॅडम म्हणतो.

“मॅडम, सिस्टरनी केबलची अदलाबदल केली असणार. सोपं आहे.”

“अदलाबदल झाली तर दोन रेषा एकमेकींच्या जागी जातील. एकसारख्या कशा होतील?”

“मग तिला भास झाला असेल.”

“भास झाला तर माणूस कंपनीला फोन करत नाही.”

“मॅडम, तुम्ही तिथे आहात, तुम्हीच बघा ना. आपल्या लॉगमध्ये काहीच नाहीये. एक ओळसुद्धा नाही.”

ते खरं होतं, आणि मला तेच खटकत होतं. कर्नलमध्ये काही बिघडतं तेव्हा सहसा आरडाओरडा होतो. मशीन बंद पडते, पाच-पन्नास ओळी ओकते, कुणाचा पाय कुणावर पडला ते निदान दिसतं. इथे डबा शांत होता. माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर तसाच एक डबा असतो. त्यावर मी मेमरीची पहारेकरी साधनं चालू केली. कुणी सोडून दिलेल्या जागेला हात लावला की ही साधनं त्याला जागच्या जागी पकडतात. सहा खाटांचे खोटे ठोके सोडले. खोटे रुग्ण दाखल केले, काढले, पुन्हा दाखल केले. दिवसभर चालवलं. काही नाही. मग काय काय पाहून झालं आणि काय राहिलं याची यादी केली. पाहून झालेलं पान भरलं, राहिलेलं जवळजवळ रिकामं. अशी यादी बघून लोकांना समाधान वाटतं. मला वाटत नाही. जे राहिलंय ते मला माहीतच नसल्यामुळे त्या बाजूला लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा आणि लॅपटॉप घेऊन मी वॉर्डात जाऊन बसले. बाहेर दुपारीही कोहरा होता आणि इंदरगंजच्या चौकातले हॉर्न कुठून वाजताहेत ते दिसत नव्हतं. वॉर्डात हीटरचा वास होता. काकू मटार सोलत होत्या. दवाखान्यात मटार सोलणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

काका बसते झाले. “काय आणलंस?”

“मुगाची खिचडी.”

“अगं, पाटणकर बाजारातून गरम बेडई पुरी आणायची होतीस. दोनच.”

“डॉक्टरांना विचारते.”

“त्याला कशाला विचारतेस? त्याला नाही म्हणायचेच पैसे मिळतात.” मग स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, “तुझी मशीन काय म्हणतेय?”

“बेचाळीस.”

“मीटर ठीक आहे. मीटर कधी खोटं बोलत नाही बेटा. खोटं बोलतो तो वाचणारा. तीस वर्षं बघितलंय मी.”

त्या सकाळपासून ठोके वाढवणारं नवं औषध ड्रिपमधून सुरू केलं होतं. दुपारपर्यंत आकडा वर जायला हवा, असं डॉक्टर सांगून गेले होते. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे फसले ते या औषधामुळे.

थोड्या वेळानं काकांना बाथरूमला जायचं झालं. सिस्टर आली. कामाला चपळ, बोलायला गोड, काकांना बाबूजी म्हणणारी. तिनं भिंतीतली केबल सर्रकन ओढून काढली आणि काकांना हात दिला.

मी म्हटलं, “सिस्टर, पहले स्क्रीन पर बटन दबाना होता है न?”

कंपनीचा नियम तसा आहे. केबल काढायच्या आधी स्क्रीनवर त्या खाटेच्या चौकोनावर बोट ठेवायचं. तिथे एक लाल बटण येतं. हिंदी स्क्रीनवर त्यावर लिहिलंय ‘मरीज़ गया’. ते दाबायचं, मग केबल काढायची.

सिस्टर हसली. “दीदी, बाबूजी सामने खड़े हैं। इनके सामने कैसे दबा दूँ?”

“मग केव्हा दाबता?”

“हम तो दबाते ही नहीं। जो घर जा रहा है उसके लिए भी नहीं। घरवाले देखते रहते हैं न। एक माताजी तो रोने लगी थीं।”

काका दाराशी थांबले होते. “मी लघवीला चाललोय, वर नाही,” ते म्हणाले. “खबरदार ते बटण दाबलं तर.”

काकूंनी मटार सोलता सोलता मान हलवली. आमच्याकडे बाजारात निघालेला माणूससुद्धा ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं तर काकू त्याला परत आत बोलावून बसवतात, पाणी प्यायला देतात आणि मग सोडतात. आजारी माणसाच्या डोळ्यांदेखत ‘गेला’ म्हणून बटण दाबणं त्या वॉर्डात कुणाच्याच्यानं झालं नसतं. माझ्याच्यानंही नसतं झालं. पुण्याच्या प्रयोगशाळेत मात्र खाटेवर कुणी नसतं. तिथे आम्ही बटण दाबतो, केबल काढतो, बटण दाबतो, केबल काढतो. मी आदल्या दिवशी घरी तेच केलं होतं.

ही गोष्ट मनात नोंदली गेली, पण तिचा अर्थ अजून लागला नव्हता.

काका बाथरूममध्ये असतानाच पाचव्या खाटेवर एक नवा रुग्ण आला. तिशीतला, स्कूटरवरून घसरलेला, डोक्याला मार होता म्हणून नजरेखाली ठेवायचा होता. बाकी ठणठणीत. सिस्टरनं त्याच्या छातीला तारा लावल्या, केबल सॉकेटमध्ये घातली. नंतर काका परत आले, आडवे झाले, त्यांचीही केबल लागली. सिस्टर दुसऱ्या कामाला गेली.

मी लॅपटॉपवर वाचत होते. काकू म्हणाल्या, “अगं, बघ गं. चढली.”

तिसऱ्या खाटेच्या चौकोनात अठ्ठ्याहत्तर आकडा होता. रेषा सुरेख, नियमित, एकामागून एक शिखरं. काकूंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

“औषध लागू पडलं,” त्या म्हणाल्या. “अहो, ऐकलं का? अठ्ठ्याहत्तर आहे.”

काकांनी डोळे मिटूनच ‘हं’ केलं. दुपार होती, खिचडी खाल्लेली होती, झोप येणं साहजिक होतं. सिस्टरनं लांबूनच स्क्रीन पाहून काकूंना अंगठा दाखवला. काकूंनी पिशवी आवरली. आज घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करते, म्हणाल्या, आणि ‘येते’ म्हणून गेल्या.

मी पुन्हा वाचायला लागले. पाचव्या खाटेवरचा माणूस मोबाइलवर काहीतरी बघत होता. एकदम हसू फुटून तो खाटेवर हलला. छातीवरच्या तारा हलल्या की रेषा थरथरते, हे नेहमीचंच. त्याच्या चौकोनात रेषा वेडीवाकडी झाली.

काकांच्या चौकोनातही झाली.

काका हलले नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. तो माणूस पुन्हा हसला. दोन्ही चौकोनांत एकाच क्षणी तोच थरथराट झाला, त्याच उंचीचा. मग तो खोकला, आणि तिसऱ्या खाटेची रेषासुद्धा खोकली.

मी उठले आणि काकांचं मनगट धरलं. हात गार होता. नाडी लागेना. बोटं सरकवली. एक ठोका लागला. मग मी वाट पाहत राहिले. इतका वेळ काहीच आलं नाही, की मला वाटलं बोटं पुन्हा सरकली. मग दुसरा आला. वर स्क्रीनवर अठ्ठ्याहत्तरचा आकडा हिरवा होता आणि दुसऱ्या कुणाचं तरी हृदय काकांच्या खाटेवर मजेत चाललं होतं. अलार्म वाजायचं काही कारणच नव्हतं. अलार्म तीच रेषा बघतो.

“काका.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ किंचित हलले.

मी सिस्टरला हाक मारली. ती आली, आधी स्क्रीनकडे पाहिलं. “दीदी, ठीक तो है। अठहत्तर।”

“स्क्रीन मत देखिए। हाथ पकड़िए।”

“नींद में हैं बाबूजी।”

“हाथ पकड़िए आप।”

तिनं हात धरला. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. तिनं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि धावली.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर खालून आले. पडदा ओढला. मला बाहेर काढलं. आतून इंजेक्शनांची नावं ऐकू येत होती, मग काहीच ऐकू येईना. गळ्याशेजारच्या शिरेतून तात्पुरती तार घातली, असं नंतर कळलं. वॉर्डातून निघताना मी एक काम केलं होतं. पाचव्या खाटेची केबल उपटली होती. त्याबरोबर तिसऱ्या खाटेची रेषा आडवी झाली. अलार्म वाजू लागला आणि बराच वेळ वाजत राहिला. ज्या हृदयासाठी तो वाजत होता ते चांगलं होतं. स्कूटरवाला घाबरून स्वतःची छाती चाचपत होता.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. “चल रहा है,” ते म्हणाले. मग विचारलं, “कब से इतना कम था?”

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. डॉक्टरांनीही स्क्रीनकडे पाहिलं. उत्तर तिथे असायला हवं होतं.

चूक सापडायला मग फार वेळ लागला नाही. काय करायचं ते आता ठाऊक होतं. घरच्या डब्यावर मी कोणतंही बटण न दाबता तिसऱ्या सॉकेटची केबल ओढून काढली, पाचव्यात दुसरी घातली, तिसरी परत लावली. दोन्ही चौकोनांत पाचव्याचं हृदय. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दर वेळी.

आत असं होत होतं. केबल निघाली की कर्नल त्या खाटेची मेमरीतली जागा मोकळी करत होता. बटण दाबलेलं असलं की स्क्रीनचा प्रोग्रॅम त्याआधीच त्या जागेवरची नजर काढून घेई. बटण न दाबता केबल ओढली, की जागा मोकळी व्हायची आणि प्रोग्रॅम तिथे बघतच राहायचा. नुकती मोकळी झालेली जागा कर्नल सगळ्यांत आधी पुढच्या मागणाऱ्याला देतो. पुढचा मागणारा म्हणजे पाचवी खाट. काका परतल्यावर त्यांना नवी जागा मिळाली. तिथे त्यांचे ठोके नीट येत होते. एकेक, लांब अंतरानं, एकही न चुकता. पण तिकडे कुणी बघत नव्हतं.

माझी पहारेकरी साधनं गप्प का होती, तेही कळलं. ती कर्नलच्या स्वतःच्या पावलांवर नजर ठेवतात. इथे कर्नल कुठेच चुकीचं पाऊल टाकत नव्हता. बघणारा बाहेरचा होता आणि त्याची खिडकी बंद करायची राहिली होती. आणि ‘आपोआप ठीक’ व्हायचं ते पाळी बदलताना. नवी सिस्टर स्क्रीन बंद करून फडक्यानं पुसायची, पुन्हा चालू करायची, आणि प्रोग्रॅम सगळ्यांच्या जागा नव्यानं विचारून घ्यायचा. पुसण्याआधी काय दिसत होतं ते कुठेही उरत नव्हतं. डबा रेषा साठवत नाही. स्वस्त पडावा म्हणून.

दुरुस्ती थोड्या ओळींची होती. जोवर कुणीही त्या जागेकडे बघतंय तोवर ती मोकळी करायची नाही, आणि केबल निघाली की तो चौकोन काळा करायचा. मी ती लिहिली, तपासली आणि पुण्याला पाठवली. टीम लीडनं फोन केला. त्याचा आवाज या वेळी हळू होता.

“मॅडम, काका कसे आहेत?”

“तारेवर आहेत. अजून नीट बोलत नाहीत.”

“सॉरी. दुरुस्ती मी पाहिली. बरोबर आहे. पण बाहेर जायला वेळ लागेल. सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील, परवानगी लागेल.”

“चाचण्या करा. तोवर सगळ्या दवाखान्यांना कळवा.”

“कळवतोय. केबल काढण्यापूर्वी बटण दाबणं आवश्यक आहे, असं पत्र जाणार आहे.”

“एवढंच?”

“वरून तेवढंच ठरलंय.”

“स्क्रीनवर दुसऱ्याचं हृदय दिसू शकतं, हे लिहिणार नाही?”

“मॅडम, ते वाचून लोक घाबरतील.”

“घाबरायलाच हवं.”

“मॅन्युअलमध्ये बटणाचं लिहिलेलं आहे ना पण.”

“ते बटण तुझ्या वडिलांच्या समोर दाबशील तू?”

“मी पुन्हा विचारतो वर,” तो म्हणाला. त्यानं विचारलंही असेल. पत्र मात्र बटणाचंच गेलं.

म्हणून मी फोन घेऊन बसले. आमचे डबे कुठे कुठे आहेत ते मला माहीत होतं, गावं ओळीनं लिहून काढली आणि एकेका वॉर्डाला फोन केला. आपली ओळख सांगितली आणि एकच सांगितलं: केबल काढून परत लावली असेल तर स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हात धरा, आणि स्क्रीन एकदा बंद करून चालू करा. बहुतेकांनी ‘जी, ठीक है’ म्हणून फोन ठेवला. काहींनी विचारलं, कंपनीचं पत्र का नाही आलं असं? एका गावातल्या सिस्टरनं सगळं लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, “मैडम, ये नई खराबी है या शुरू से है?”

“शुरू से.”

तिनं फोन ठेवला.

काकांचा ताप उतरला आणि त्यांना पेसमेकर बसवायला आत नेलं, त्या सकाळी मी आणि इंदरगंजची सिस्टर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. काकू वॉर्डात देवाचं म्हणत होत्या. सिस्टर हातातल्या चहाकडे बघत होती.

“दीदी, एक बात पूछूँ? बाबूजी से पहले तीन नंबर पे एक अम्मा थीं।”

“जिनके लिए आपने शिकायत की थी?”

“नहीं। उनसे भी पहले। उनको एक्सरे के लिए ले गए थे, वापस लाए, केबल लगाई।” तिनं चहाचा कप खाली ठेवला. “उनका तो आखिर तक ठीक दिखा रहा था। हमने सोचा नींद में चली गईं। घरवालों ने भी कहा, कितनी शांति से गईं।”

त्या दिवशी बाकी कोणत्या खाटेवर कोण होतं, कुणाची केबल केव्हा लागली, हे विचारून काढता आलं असतं. मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. ऑपरेशन थिएटरमधून काकांची ट्रॉली बाहेर येताना चाकं वाजली आणि ती उठून गेली.

पेसमेकर छान बसला. आता काकांची नाडी साठच्या खाली जातच नाही. ती यंत्राची नाडी आहे, तिला काही विसरायला होत नाही. विसरतात ते काका. शब्द हरवतात. चहाला ‘ते गरम’ म्हणतात. काकूंना ओळखतात, मला बहुतेक वेळा ओळखतात, पण कधी कधी माझ्याकडे सभ्यपणे बघून विचारतात, “आपण वीज खात्यातून आलात का?” डॉक्टरांचं म्हणणं, मेंदूला बराच वेळ रक्त कमी पडलं. बराच म्हणजे किती, यावर पुढचं अवलंबून आहे. थोडा वेळ असेल तर सुधारतील. जास्त असेल तर इतकंच.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काका गच्चीत उन्हाला बसले होते. काकूंनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“तुला एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा ना.”

“मी त्या दिवशी आंघोळीला म्हणून घरी आले नं. तेव्हा ते झोपले होते की तेव्हाच तसे झाले होते?”

मला हे माहीत होतं, की काका बाथरूममधून परतले तेव्हापासून स्क्रीन त्यांची नव्हती. हात धरला तेव्हा नाडी जवळजवळ नव्हती, हेही माहीत होतं. या दोन्हींच्या मधलं काही माहीत नव्हतं. काकूंनी अठ्ठ्याहत्तर म्हणून हाक मारली, काकांनी ‘हं’ केलं, ते नेमकं या मधल्या वेळातलं होतं.

“काकू, ते आता कुणालाच कळणार नाही.”

“तुला पण नाही?”

“मला पण नाही.”

त्यांनी मान डोलावली. बाहेर काका कुणाला तरी हाक मारत होते, पण नाव आठवत नव्हतं, म्हणून नुसतंच “अहो, अहो” म्हणत होते. काकू पदराला हात पुसत उठल्या. दाराशी थांबल्या.

“मी आकडा बघितला,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे बघितलंच नाही.”

मग दार उघडून उन्हात गेल्या.